मेणाची चेन आणि मशीनचं तेल

आमच्या ओट्याच्या वर भिंतीला एक लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. तिला आकडे आहेत आणि त्या आकड्यांना झारा, उलथणं, चिमटा, गाळणी असं सगळं लटकत असतं. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मी भजनाहून परत आले, तेव्हा त्या पट्टीच्या शेवटच्या आकड्याला सायकलची चेन लटकत होती. तिच्यावर पांढुरका थर होता. खाली ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर मेण सांडलं होतं. चेनसमोर आमचे हे आणि आमची सून शेजारी शेजारी उभे होते आणि कशावर तरी हसत होते. मी दारात आले आणि ते हसू थांबलं. कोणी मुद्दाम थांबवलं नाही, पण थांबलं.

सुनेने लगेच सांगितलं की चेनला मेण लावलंय, गार व्हायला टांगलीय, पाच मिनिटांत काढते. मी म्हटलं, असू दे. मग आत जाऊन साडी बदलली आणि बराच वेळ बाहेर आलेच नाही.

मला हेवा वाटत होता. हा शब्द मी आज लिहिते आहे. तेव्हा मी त्याला डोकं दुखणं म्हणत होते.

घरात आम्ही तसे तिघंच. मी इथे ग्वाल्हेरात गोरखीजवळच्या एका शाळेत तीस वर्षं प्राथमिकच्या वर्गांना शिकवलं आणि निवृत्त झाले. हे वीज खात्यात होते, माझ्या दोन वर्षं आधी घरी बसले. मुलगा एकुलता एक, नोकरीला गुरुग्रामला. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने येतो, रविवारी जेवून परत जातो. सून नाशिकची. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिला इथल्या एका हॉस्पिटलमध्ये काम मिळालं आणि ती आपणहून म्हणाली की मी आई-बाबांकडेच राहते, दिल्लीकडच्या हवेत मला खोकला सुटतो. जयेंद्रगंजातल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात ती दोन बॅगा आणि एक सायकल घेऊन आली. नात्यातल्या बायका मला म्हणायच्या, नशीबवान आहेस. आणि खरंच, तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. तीच तर अडचण होती.

यांना त्या वर्षी छातीत थोडं दुखलं होतं. काही मोठं निघालं नाही, पण डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मी सहा महिने रोज संध्याकाळी म्हणत होते की चला, जरा एक चक्कर मारून येऊ. हे म्हणायचे, उद्या. सुनेने आल्यावर पंधरा दिवसांत जिन्याखाली पडलेली त्यांची जुनी सायकल बाहेर काढली, टायर-ट्यूब बदलून आणल्या, आणि एका सकाळी त्यांना म्हणाली, बाबा, चला. हे गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. महिन्याभरात दोघं तिघऱ्याच्या धरणाच्या रस्त्याला लांबपर्यंत जाऊन यायला लागले.

मी खूश व्हायला हवं होतं. लोकांसमोर मी होतेही.

मेणाचं प्रकरण मला तिने पहिल्याच आठवड्यात नीट समजावून सांगितलं होतं, हे मला मान्य करायलाच हवं. चेनला तेल लावलं की त्या तेलाला रस्त्याची धूळ चिकटते, तिची काळी चिकट खळ होते आणि ती चेनला आतून कानशीसारखी घासत राहते. मेण कोरडं असतं, त्यावर धूळ धरत नाही. पण मेण लावायचं तर आधी चेनमधला तेलाचा अंश अन् अंश काढावा लागतो. म्हणून चेन सायकलवरून उतरवायची, पेंटच्या दुकानातून आणलेल्या टर्पेंटाइनमध्ये बरणीत घालून हलवायची, काळं झालेलं ओतून नवं घ्यायचं, पुन्हा हलवायची, आतलं पाण्यासारखं स्वच्छ दिसेपर्यंत. मग स्पिरिटने धुवायची, वाळवायची. मग मेण वितळवायचं, तेही थेट गॅसवर नाही, मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचं पातेलं. चेन तारेला अडकवून त्यात सोडली की बारीक बुडबुडे येतात. ते थांबले म्हणजे मेण आत पोचलं. बाहेर काढून टांगायची. गार झाली की काठीसारखी ताठ होते, मग एक एक कडी हाताने वाकवून मोकळी करायची.

कड्या शंभराच्या वर असतात. त्या मोकळ्या करायला हे बसायचे. मांडीवर फडकं घेऊन, चष्मा नाकावर ओढून, एक एक कडी. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि या माणसाने माझ्यासोबत बसून कधी मटार सोलले नव्हते. ते मला बघवत नव्हतं आणि तरी मी तिथेच काहीतरी काम काढून बसायची.

मेणाचं पातेलं माझं होतं. तूप कढवायचं, जाड बुडाचं. सुनेने विचारलं होतं, आई, हे जुनं पातेलं घेऊ का? मी म्हटलं, घे. मला वाटलं एक दिवस हवं असेल. एकदा मेण वितळवलेल्या भांड्यात पुन्हा तूप होत नाही, हे मला कळलं तेव्हा मी चरफडले. पण भांडणार कशावर? तिने विचारूनच घेतलं होतं.

आणि दोघं बोलायची. हे खरं दुखणं. आमचे हे अबोल. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे गॅस संपत आला, लाईटवाला आला होता, दूध जास्त घे. मी समजून चालले होते की या माणसाच्या आत एवढेच शब्द आहेत. आता मी पोळ्या लाटत असायची आणि मागे डायनिंग टेबलावर हे सुनेला सांगत असायचे की खांबावर चढताना पाय कुठे ठेवायचा, चंबळच्या बाजूला कामावर असताना काय काय पाहिलं. मी कधी न ऐकलेलं. मी पाठमोरी उभी राहून ऐकायची आणि पोळी करपायची.

आमची मराठी ग्वाल्हेरची. आम्ही ‘ती येऊन राहिली आहे’ म्हणतो, एखादी वस्तू मिळाली नाही तर ती भेटली नाही म्हणतो, आणि मध्येच हिंदी येते ती कोणाला खटकत नाही. सुनेची मराठी नाशिकची, सरळ, स्वच्छ. तिने आमच्या बोलण्याला नाव ठेवलं नाही, एकदाही नाही. पण हे बदलले. एका सकाळी दारातून मला म्हणाले, “किल्ली कुठे आहे?” बत्तीस वर्षं या घरात चाबी होती. मी टेबलावर बोट दाखवलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कोणाला सांगणार की नवऱ्याने किल्ली म्हटलं म्हणून मला रडू येतंय?

दुसऱ्या वर्षी होळीनंतरची गोष्ट. गावातल्या सायकलवाल्यांचं ठरलं होतं की रविवारी दतियापर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचं. एवढं लांब सून पहिल्यांदाच जाणार होती. तिने त्यासाठी नवी चेन मागवली. हे म्हणाले, या वेळी मला एकट्याला करू दे. नव्या चेनला कारखान्यातून येतानाच दाट ग्रीस लावलेलं असतं आणि ते निघायला सगळ्यात कठीण, म्हणून तिने आधी कशी धुवायची ते पुन्हा एकदा सांगितलं आणि मग ती खरोखरच बाजूला झाली. गुरुवार आणि शुक्रवार हे त्याच कामात होते. टर्पेंटाइन चार वेळा बदललं. मेण कमी पडलं तर दाना ओली बाजारातल्या पूजेच्या सामानाच्या दुकानातून स्वतः जाऊन लादी आणली. शुक्रवारी दुपारी चेन टांगली आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. मी चहा दिला. त्यांनी घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी विचारलं, झालं का? म्हणाले, ती आल्यावर तिला दाखवतो.

मला दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं का? मी समोरच उभी होते.

शनिवारी दुपारी सून हॉस्पिटलमध्ये होती. हे जेवून आडवे झाले होते. मी उशांचे अभ्रे शिवायला बसले होते आणि मशीन जड चालत होतं म्हणून तेलाची कुपी काढली, बारीक तोंडाची. मशीनला दोन थेंब घातले. मग उठून कुपी हातात घेऊनच गॅलरीत गेले. सुनेची सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली होती, पुसून लख्ख, नवी चेन चढवलेली. मी वाकले आणि एका हाताने पॅडल उलटं फिरवत चेनवर तेल सोडत गेले. सगळी चेन एकदा फिरून आली. मग पुन्हा एकदा फिरवली.

पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगून बघितलं की मला मदत करायची होती, मशीनला घालतो तसं घातलं, मला बाईमाणसाला काय कळतं. पण मला सगळं माहीत होतं. तेलाने मेण मऊ होतं आणि धूळ धरते, हे तिनेच मला सांगितलं होतं आणि मी ते लक्ष देऊन ऐकलं होतं. माझं मन तिच्याबद्दल तेवढं वाईटही नव्हतं. यांनी दोन दिवस एवढ्या मायेने जे केलं होतं, ते मोडावं असं वाटत होतं.

रविवारी उजाडायच्या सुमारास दोघं निघाले. हे गावाबाहेर सिथौलीपर्यंत सोबत जाऊन परत येणार होते. सातच्या आधी आले. चहा घेताना माझ्याशी बोलायला लागले, आपणहून. म्हणाले, “आवाजच नाही गं. मी तिच्या मागे होतो, पण चेन ऐकूच येत नव्हती.” बोटांनी टेबलावर चेन कशी फिरत होती ते दाखवलं. आमच्या पोराने दहावीचा निकाल आणला तेव्हा यांचा चेहरा असा झाला होता. किती वर्षांनी ते मला काहीतरी सांगत होते, आणि मी मान हलवत समोरच्या बिस्किटाचे तुकडे करत होते.

साडेआठला सुनेचा फोन आला. आंतरी गावाच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, धूळ फार होती. चेन खरखर करते आहे, गिअर नीट पडत नाहीत, पुढे नेली तर चेन खराब होईल, म्हणून ती परत फिरली होती. बाकीचे पुढे गेले होते.

ती आली तेव्हा चेन काळी झाली होती. तिच्या पोटरीवर काळे पट्टे उमटले होते. हे जिन्यातच खाली बसले, रुमालाने चेन पुसली आणि रुमालाकडे बघत राहिले. मग म्हणाले, माझ्याकडून आतलं ग्रीस निघालंच नाही, नाहीतर असं होत नाही. ती म्हणाली की पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं, माझं तर तीनदा झालं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं. पण म्हणाले, तुझं जाणं राहिलं ना.

त्या आठवड्यात त्यांनी टर्पेंटाइनची बरणी, मेण, तारा सगळं एका खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. माझं पातेलं उकळत्या पाण्याने आणि राखेने चार वेळा घासलं आणि ओट्यावर आणून ठेवलं. म्हणाले, घे तुझं पातेलं. सायकल आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग गुडघा दुखतो म्हणून बंद. सून सकाळी एकटी जायला लागली. हे खुर्चीत बसून पेपर वाचायचे. माझ्याशी पूर्वीसारखं बोलायचे, म्हणजे दूध आणि गॅस. सुनेशीही तेवढंच.

मला हवं होतं ते सगळं मला भेटलं होतं. घर पुन्हा माझ्या ओळखीचं झालं होतं. आणि मी त्यात दिवसभर वावरायची ती जणू कोणी आजारी आहे अशी, पाय न वाजवता. यांच्या हातांकडे बघवायचं नाही. त्यांना खरंच वाटायला लागलं होतं की आपलं वय झालं. एकदा फ्यूज बदलायचा होता तर म्हणाले, इलेक्ट्रिशियनला बोलाव, मी काहीतरी गडबड करीन. जवळजवळ चाळीस वर्षं विजेत काढलेला माणूस.

तीन आठवड्यांनी एका दुपारी मी गवार मोडत बसले होते. सुनेची सुट्टी होती. ती येऊन समोर बसली, थोडी गवार आपल्याकडे ओढून घेतली. दोन-चार शेंगा मोडल्या आणि खाली बघतच म्हणाली, “आई, त्या रविवारी मी परत आले तेव्हा गॅलरीच्या फरशीवर तेलाचे थेंब होते. बाबांनी बघायच्या आत मी पुसून टाकले.”

मी पुढची शेंग उचलली.

“मेणाचे थेंब असे पडत नाहीत. नव्या चेनच्या ग्रीसचेही नाही,” ती म्हणाली. “मी बाबांना काही सांगणार नाही. पण त्यांना वाटतंय की त्यांच्या हातून आता काही होत नाही. तेवढं बघाल का?”

एवढंच. तिने का केलंत म्हणून विचारलं नाही. आवाजही चढवला नाही. उठताना मोडलेली गवार माझ्या ताटात घालून गेली. खरं सांगायचं तर मला शरम वाटायच्या आधी राग आला. तीन आठवडे हिला माहीत होतं आणि तीन आठवडे हिने मला रोज सकाळी चहा करून दिला होता. मला तिचा आता आणखी एका गोष्टीसाठी हेवा वाटायला लागला, की मी तिच्या जागी असते तर हे मला जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती यायच्या आत मी यांना सांगितलं. चहाचे कप तसेच समोर होते. कुपी, गॅलरी, दोनदा फिरवलेलं पॅडल, सगळं. मी त्यांच्याकडे न बघता सांगितलं. त्यांनी विचारलं, “का?”

उत्तर माझ्याकडे तयार होतं, तीस वर्षांपासून. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी त्यांना म्हटलं होतं की मला सायकल शिकवा. मेळ्याच्या मैदानावर, मेळा उठून गेल्यावर, ते मला दोन संध्याकाळी घेऊन गेले. मागून सीट धरून पळाले. तिसऱ्या संध्याकाळी नेलं नाही, पुढे कधीच नाही. मी शिकले नाही ती नाहीच. तुम्हाला माझ्यासाठी दोनच संध्याकाळी होत्या, मी म्हटलं, आणि तिच्यासाठी रोजची सकाळ आहे.

ते माझ्याकडे बघत होते. म्हणाले, “तूच म्हणाली होतीस, लोक बघून राहिले आहेत, घरी चला. मी दुसऱ्या दिवशी सायकल पुसून दारात उभी केली होती. तू बाहेर आली नाहीस.”

आणि ते बोलल्याबरोबर मला आठवलं. मैदानाच्या कडेला दोन बायका उभ्या होत्या, त्यातली एक आमच्या ओळखीची. माझा पदर चाकात जाता जाता राहिला होता आणि त्या हसल्या होत्या. दारात उभी केलेली सायकलही आठवली. मी स्वयंपाकघरातून ती बघितली होती आणि कणीक मळत राहिले होते. एवढी वर्षं मी या गोष्टीचा पुढचा अर्धा भाग जपून ठेवला होता आणि मागचा टाकून दिला होता.

ते उठून आत गेले. पाच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसायचे, ताट संपवायचे, उठायचे. काही हवं असलं तर सुनेला सांगायचे आणि ती मला सांगायची, जशी काही ती गोष्ट तिचीच आहे. रविवारी सकाळी मी तिला म्हटलं, ती काळी झालेली चेन अजून आहे ना, मला साफ करायची आहे, तू नुसतं सांग. तिने माळ्यावरून खोका काढून दिला.

मी खाली बसून बरणी हलवली. पहिलं टर्पेंटाइन ओतलं ते डांबरासारखं होतं. दुसरं चहासारखं. तिसरं, चौथं. पाचव्याला बरणी उजेडात धरली तर पलीकडचे गज स्पष्ट दिसले. माझी बोटं फाटली होती आणि वासाने डोकं भणभणत होतं, या वेळी खरोखर. हे टेबलाशी पेपर घेऊन बसले होते. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नव्हता. मेण मी माझ्याच पातेल्यात वितळवलं, तसंही त्यात तूप करायची मला हिंमत झाली नव्हती. चेन आत सोडली. थोड्या वेळाने तार धरून वर घ्यायला लागले, तर मागून आवाज आला, “थांब. अजून बुडबुडे येतायत.”

मी थांबले. ते उठून शेजारी येऊन उभे राहिले. आम्ही दोघं पातेल्यात बघत होतो. बुडबुडे थांबल्यावर त्यांनी माझ्या हातातली तार घेतली आणि चेन सावकाश वर काढली. कड्या मोकळ्या करायला ते बसले तेव्हा सून खोलीतून बाहेर आली. मला त्या क्षणी वाटलं की तिने आणखी पाच मिनिटं आत राहायला हवं होतं. इतकं सगळं झाल्यावरही मला तेच वाटलं.

यांनी पुन्हा सायकल सुरू केली. त्या पावसाळ्यानंतर सून दतियाला जाऊन आली आणि हे वाटेतल्या डबरा गावापर्यंत तिच्या सोबत होते. त्या दिवशी मला फोन तिने केला, यांनी नाही, हेही मी मोजलं.

मागच्या हिवाळ्यात सून महिनाभर नाशिकला गेली, बहिणीच्या बाळंतपणासाठी. यांचा खांदा आखडला होता. एका दुपारी चेन हातात घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, जरा एक टोक धर. मी भाजी बाजूला ठेवली आणि गॅलरीत उन्हात त्यांच्यासमोर बसले. मी टोक ताणून धरायची, ते कडी वाकवायचे. अर्धी चेन झाली असेल, तेव्हा ते बोलायला लागले.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांना सबलगढच्या बाजूला टाकलं होतं. एका गावात लग्नाच्या दिवशीच ट्रान्सफॉर्मर जळला. हे बघायला गेले तर गावकऱ्यांनी त्यांना एका खोलीत कोंडलं आणि बाहेरून सांगितलं की लाईट आली की साहेब सुटतील. नवा ट्रान्सफॉर्मर यायला दोन दिवस लागणार होते आणि हे बाहेर निघाल्याशिवाय तो मागवणार कोण, हे कोणाला पटेना. तेवीस वर्षांचे होते. म्हणाले, मी रडलो गं, भिंतीकडे तोंड करून. संध्याकाळी नवरीच्या आईने खिडकीच्या गजातून पुऱ्या दिल्या आणि म्हणाली, बेटा, मेरी लडकी का ब्याह है, बुरा मत मानना. यांनी रडत रडत पुऱ्या खाल्ल्या. शेवटी तिनेच नवऱ्याशी भांडून दार उघडायला लावलं. ऑफिसात त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही.

मी हसले, आणि मग मला तो तेवीस वर्षांचा मुलगा पुऱ्या खाताना दिसला आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बघितलं आणि पुढची कडी धरली. चेन संपल्यावरही आम्ही ऊन उतरेपर्यंत तिथे बसून होतो. इतकी चांगली दुपार मला फार वर्षांत आठवत नाही.

दोन दिवसांनी सुनेचा फोन आला. बाळाचं सांगून झालं, हवेचं झालं, आणि मग तिने विचारलं, “आई, बाबांनी ती कोंडून ठेवल्याची गोष्ट सांगितली का? मी जाताना त्यांना म्हटलं होतं, आईंना सांगा, त्यांना आवडेल.”

मी म्हटलं, हो, सांगितली. छान आहे. मग बाळाच्या अंगाला कोणतं तेल लावताय ते विचारलं. ती बोलत होती आणि मी हो हो म्हणत होते. ती गोष्ट मला पहिल्यांदा ऐकायची होती. बस एवढंच. तिच्यानंतर नाही, तिच्या सांगण्यावरून नाही.

फोन ठेवला तेव्हा हे दारात उभे होते. विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, सगळं ठीक आहे, पुढच्या मंगळवारी येते म्हणाली. ते म्हणाले, बरं झालं, आणि मीही म्हटलं, हो, बरं झालं. मग त्यांना विचारलं की त्या नवरीचं लग्न शेवटी अंधारातच लागलं का. ते खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले की नाही, कोणीतरी ट्रॅक्टर आणून मांडवासमोर उभे केले होते, दिवे चालू करून. मी विचारलं, हे तिला सांगितलं होतं का? ते जरा आठवत राहिले आणि म्हणाले, नाही, एवढं नाही सांगितलं.